आर्मा ३ : वावराची जागली केलेल्या माणसानं हा गेम कसा धरावा

पहिलेच सांगून ठेवतो, मी काही गेमवाला माणूस नाही. पुलगावपासून आत सात-आठ किलोमीटरवर गाव, सहा एकर वावर, त्यात पऱ्हाटी आणि मधामधात तूर, आणि घरातले पोट्टे मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम घेऊन बसले की माझी खोपडी सरकायची, एकदा तर चार्जरच लपवून ठेवला होता दोन दिवस. तर असा माणूस आता रात्री जेवण झालं की तास-दीड तास आर्मा ३ हा कॉम्प्युटरवरचा फौजेचा गेम खेळून राहिला. गावातल्या दोघा-तिघांनी विचारलं की भाऊ आम्ही बी लावला होता हा गेम, दहा मिनिटात मेलो, परत लावला, परत मेलो, मग काढून टाकला, तुम्हाला कसा काय जमला. म्हणून हे लिहून राहिलो.

सुरुवात झाली ती भांडणातून. २०२५ चा मे महिना, सगळ्यांच्या फोनवर रात्रंदिवस युद्धाचे व्हिडिओ. आमच्या काकाजीनं एक दाखवला, काळं आभाळ, खालून लाल गोळ्यांची रांग वर चाललेली, मग वर एकदम उजेड. काकाजी म्हणे, "पाय, कसं पाडलं आपल्यावाल्यानं." माझा पुतण्या मागून डोकावला आणि म्हणाला, "आबाजी, हे खरं नाही, हा गेम होय, आर्मा." झालं, काकाजी तापले. पोट्टा गेला, कॉम्प्युटर लावला, अर्ध्या तासात तसाच सीन बनवून दाखवला. काकाजी चूप. मी पण चूप, कारण तो व्हिडिओ मी सकाळीच तीन ग्रुपवर पाठवला होता.

हे आपल्याकडेच होते असं नाही बरं. बोहेमिया इंटरॅक्टिव म्हणजे हा गेम बनवणारी चेक देशातली कंपनी, त्यांनी स्वतः २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर सांगितलं होतं की आमच्या गेमचे व्हिडिओ लोक खरं युद्ध म्हणून फिरवून राहिले, ते असे ओळखा. व्हिडिओ मुद्दाम धुरकट असते, कॅमेरा हलत असते, बहुतेक रात्रीचा सीन, आवाज नसते नाहीतर भलताच असते, माणसं दिसत नाहीत आणि दिसली तर खांबासारखी उभी, धूर आणि स्फोट जरा नकली वाटतात. गेम नाही खेळला तरी चालते पण एवढं ध्यानात ठेवा, पुढचा फॉरवर्ड येईलच.

आता मुद्द्यावर येतो. मशीन. नवीन पीसी घ्यायची काही गरज नाही. मी वर्ध्याहून ऑफिसमधून निघालेला जुना डेस्कटॉप घेतला, चौथ्या जनरेशनचा आय फाइव, त्यात जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक कार्ड टाकलं. हेच कार्ड काऊन, तर ते ७५ वॅटमध्ये चालते, बहुतेक मॉडेलला वेगळी पॉवरची वायर लागत नाही, म्हणून ऑफिसच्या पीसीतला छोटा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, बदलावा लागत नाही. फक्त तुमच्या पीसीचा डबा बारका असंन तर कार्डही लो प्रोफाइलवालंच, म्हणजे कमी उंचीचंच लागंन, हे मोजून घ्या, मी नव्हतं मोजलं, दुकानदार म्हणाला बसते, घरी आल्यावर डब्याचं झाकणच लागेना, तीन महिने उघडाच चालवला आणि आतमध्ये पाल राहायला आली. रॅम ८ चं १६ करा. आणि एसएसडी, म्हणजे नवीन वेगवान डिस्क, पायजेच, कारण हा गेम चालता चालता पुढचा मुलूख डिस्कवरून उचलत असते, जुन्या हार्ड डिस्कवर पळताना घरं उशिरा उगवतात, आणि ज्या घरामागे लपायला धावलो ते घरच नाही असं होते.

हा गेम स्टीम नावाच्या इंटरनेटवरच्या दुकानात मिळते, विकत घेताना तिथल्या सेलची वाट पाहा, उन्हाळ्यात जूनच्या आखरीला आणि हिवाळ्यात डिसेंबरमध्ये लागतो, तेव्हा भाव बराच उतरते. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असंन तर पैसे वापस मिळतात. बाकी गेमसाठी ही चांगली सोय आहे, आर्मासाठी हाच फासा आहे, कारण पहिल्या दोन तासात हा गेम कोणालाच आवडत नाही. मी स्वतः एक तास पन्नास मिनिटांवर रिफंडचं पान उघडून बसलो होतो आणि तेवढ्यात लाइट गेली. लाइट आली तोवर राग उतरला होता. म्हणून सांगतो, दोन तासांवर फैसला करू नका, दहा तास द्या, नाहीतर घेऊच नका.

डाउनलोड मोठं आहे, रोजच्या दोन जीबीच्या रिचार्जवर महिना जाईल. स्टीमच्या सेटिंगमध्ये डाउनलोडची वेळ ठरवून देता येते, ज्यांच्या प्लॅनमध्ये रात्री बारानंतर नेट मोजत नाही त्यांनी बारा ते पाच लावून झोपून जावं. मधात लाइट गेली तरी जिथं थांबलं तिथून पुढे चालू होते. आणि एकदा लॉगिन झालं की स्टीम ऑफलाइन मोडमध्ये टाकून द्या, मग टॉवर बंद असो की चालू, एकट्याचा गेम चालते.

सेटिंगचं फार डोकं लावू नका, एकच गोष्ट महत्त्वाची, व्हिजिबिलिटी. किती दूरचं दिसावं हे त्यानं ठरते आणि सगळा लोड त्याचाच. ओव्हरऑल १२०० ते १५००, ऑब्जेक्ट १००० च्या आसपास, सॅम्पलिंग १०० टक्के, सावल्या कमी. माझ्याकडे तीस-पस्तीस एफपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढी चित्रं, येते आणि या गेमला तेवढं पुरते, इथं उड्या मारत गोळ्या घालायच्या नसतात.

हाच तर सगळा घोळ आहे. पोट्टे बीजीएमआयच्या हिशोबानं आर्मात उतरतात. पळत जायचं, दिसला की ठोकायचा, मेलो तर पुढची मॅच. आणि गंमत म्हणजे बीजीएमआयचा आजा आर्माच होय. २०१२ ला आर्मा २ वर डेझी नावाचा मॉड, म्हणजे खेळणाऱ्यानंच गेममध्ये केलेला बदल, आला, त्याच्यावर ब्रेंडन ग्रीन नावाच्या आयरिश माणसानं, जो प्लेअरअननोन नावानं खेळायचा, बॅटल रॉयल बनवला, मग तोच आर्मा ३ वर आणला, आणि त्यातून कोरियात २०१७ ला पबजी झाला. २०२० च्या सप्टेंबरमध्ये आपल्याकडे पबजी मोबाइल बंद झाला आणि २०२१ च्या जुलैत बीजीएमआय म्हणून परत आला, ते तर सगळ्यांना माहीत आहे. मी हे पोट्ट्यांना सांगितलं तर ते माझ्याकडे असे पाहायला लागले जसं मी म्हटलं की ट्रॅक्टरचा बाप बैल होता. पण नातवाची चाल आजाला चालत नाही. इथं एक गोळी लागली की खेळ आटोपला, दोन लागल्या तर नक्कीच, आणि मारणारा बहुतेक वेळा दिसतच नाही.

म्हणून पहिल्या दिवशी मोहिमेत जाऊ नका. मेन मेनूमध्ये बूटकॅम्प आहे, तो करा, मग व्हीआर ट्रेनिंग, कंटाळवाणं आहे पण करा. डिफिकल्टी रिक्रूट ठेवा आणि एआय लेव्हल, म्हणजे कॉम्प्युटर चालवते त्या माणसांची हुशारी, नोव्हिस, यात लाज कसली, ते बदलता येते मागून. बटनं भरमसाट आहेत पण सुरुवातीला हातावर मोजण्याएवढी पुरतात. एक्सनं बसणे, झेडनं पालथं पडणे, क्यू आणि ई नं बाजूला झुकून पाहणे, एमनं नकाशा, आणि आल्ट दाबून ठेवला तर बंदूक जिकडे आहे तिकडेच राहते आणि मान फिरते. हे आल्टचं बटन ज्याच्या बोटाला लागलं तो अर्धा शिकला असं समजा. कंट्रोल दाबून डब्ल्यू नाहीतर एस मारलं की थोडं वर, थोडं खाली असं अंग होते, भिंतीच्या उंचीप्रमाणे. बाकीची बटनं लागतील तेव्हा शोधा.

मग 'द ईस्ट विंड' ही मोहीम. गोष्ट २०३५ ची, बेन केरी नावाचा नाटोचा कॉर्पोरल, स्ट्रॅटिस बेटावरून फौज घरी निघाली असते आणि तेवढ्यात खेळ उलटते. आधी बराच वेळ नुसतं गाडीत बसणं आणि चालणं आहे. चाला. घाई करू नका.

मला हा गेम लागला तो तिथंच, चालण्यात. दुसरं बेट आहे अल्टिस, २७० चौरस किलोमीटर, एकरात हिशोब केला तर साडेसहासष्ट हजार एकराच्या वर, आणि सगळं एका दमात चालत जाता येते, मधात लोडिंग नाही. ग्रीसच्या लेम्नोस बेटावरून घेतलेलं आहे. (कंपनीची दोन माणसं २०१२ मध्ये तिथं गेली, फोटो काढले म्हणून हेरगिरीच्या संशयात धरली गेली आणि १२९ दिवस जेलात होती.) पिवळं वाळलेलं गवत, दगडाच्या बांधाच्या भिंती, मधात एखादं झाड, उन्हानं पांढरे पडलेले रस्ते. वैशाखातलं आमचं शिवार बाप्पा, फक्त समुद्र ज्यादा. मी पहिल्यांदा त्या रस्त्यानं चाललो आणि कोणी गोळी घातली नाही, नुसता वाऱ्याचा आवाज, आणि मी वीस मिनिटं नुसता चालत राहिलो. बायको म्हणे, "हे काय पाहून रायले, यात तं काहीच होऊन नाही रायलं."

आता खरी शिकवण. ज्यानं जागली केली आहे त्याला हा गेम लवकर जमते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तूर भरली की डुकरं आणि रोही येतात, मचाणावर बसावं लागते रात्रभर, तिथं काय करतो आपण? बॅटरी लगेच लावत नाही. आधी ऐकतो. वाळलेल्या पानावर पाय किती पडले, कुठून कुठं गेले, एक आहे की कळप आहे. मग डोळे जवळून दूर नेतो, एका कडेकडून दुसऱ्या कडेला, हळूहळू, आणि जे हललं तेच पाहतो. आर्मात हेच करायचं. शंभर पावलं चालायची, झाडाच्या नाहीतर भिंतीच्या आडोशाला बसायचं, आल्ट दाबून चारीकडे मान फिरवायची, जवळून दूर. हेडफोन पायजेच, दीडशे-दोनशे रुपयाचा असला तरी चालंन, पण दोन्ही कानाचा. जो माणूस थांबत नाही तो इथं मरतेच.

काकाजी एक दिवस मागं खाटेवर बसून पाहत होते. मी टेकडीच्या माथ्यावरून चाललो होतो कारण वरून सगळं दिसते. ते म्हणाले, "अबे माथ्यावरून कायले जातं, मांग आभाळ हाय नं, काळा दिसतं तू दुरून. धुऱ्याच्या खालून जाय." मी खालून गेलो आणि त्या मिशनमध्ये पहिल्यांदा जिवंत पोचलो. गेमच्या गाइडमध्ये हे सगळं लिहिलेलं असंन, पण मला काकाजीनं शिकवलं. आणि एक, उंच गवतात पालथे पडलो म्हणजे लपलो असं समजू नका, दूरच्याला ते गवत दिसतच नाही, तुम्ही मात्र दिसता. माती, दगड, भिंत, हाच खरा आडोसा.

अंतराचा अंदाज हा दुसरा मोठा भाग, आणि इथं शेतकऱ्याचा हात कोणी धरू शकत नाही. चौकोनी एक एकर वावर म्हणजे एक बाजू ६३-६४ मीटर. तर २०० मीटर म्हणजे एकामागे एक तीन वावरं, ३०० म्हणजे पावणेपाच. समोरच्या टेकडीवर माणूस दिसला की मी मनात धुरे मोजतो, मीटर नाही. मग पेज अप आणि पेज डाउननं झिरोइंग तेवढ्यावर आणायचं, म्हणजे साइट त्या अंतरासाठी बसते, सगळ्या साइटवर ही सोय नसते ते पाहून घ्या. गोळी सरळ रेषेत जात नाही, खाली पडत जाते, आणि पोचायला वेळ घेते. ४०० मीटरवर ढोबळ अर्धा सेकंद धरा, तेवढ्यात पळणारा माणूस दोन-अडीच मीटर पुढे गेलेला असते, म्हणून त्याच्या पुढे मारायचं. लहानपणी पळत्या सरड्याला दगड मारला असंन तर हात आपोआप पुढे जाते.

आणि आवाज. उजेड आधी, आवाज मागून, हे या गेममध्ये खरं आहे. दूर स्फोट दिसला की मी मोजतो, वीज चमकल्यावर मोजतो तसंच, तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. पहिल्यांदा मोजलं तेव्हा अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. २०१६ च्या मे महिन्याच्या आखरीला पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली होती, त्या रात्री आमच्या गच्चीवरून आधी आभाळ लाल दिसलं, आणि मग आवाज आला, मग खिडकीची तावदानं थरथरली. अधिकारी, जवान, फायरवाले गेले त्यात. ते पाहिलेल्या माणसाला स्क्रीनवरचा स्फोट नुसता खेळ राहत नाही. त्या दिवशी मी गेम बंद करून झोपलो. दुसऱ्या दिवशी परत लावला, हे पण खरं आहे.

ओझं कमी ठेवा. नवीन माणूस बॅगेत सगळं कोंबते, रॉकेट, पाच बॉम्ब, दोन बंदुका, आणि मग दोनशे मीटर पळाला की बंदूक हातात झुलायला लागते, नेम बसत नाही. गावातले भरतीचे पोट्टे पहाटे रोडवर १६०० मीटर मारतात, त्यांना विचारा, रिकामं पळणं आणि पाठीवर घेऊन पळणं यात काय फरक असते. किंवा आपल्या बायांना विचारा, कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन धुऱ्यापर्यंत येताना. इन्व्हेंटरीत लोडची पट्टी असते, ती अर्ध्याच्या खाली ठेवली तर सुखात राहाल. गोळी घातली की जागा बदला, कारण एआयला तुमची आधीची जागा ध्यानात राहते आणि तो तिथंच मारत बसते.

तुमच्या हाताखाली माणसं दिली तर? एफ-दोन, एफ-तीन असं करून माणूस निवडायचा, मग नंबरच्या मेनूतून हुकूम. कटकटीचं काम आहे, मला आजही पूर्ण जमत नाही. ही एआयची माणसं म्हणजे नवीन रोजदारासारखी, "तिकडं जाय" म्हटलं तर जाते आणि मधात उभीच राहते. एकेक काम सांगा, झालं की दुसरं. दहाच्या दहा एकदम पाठवले की दहाच्या दहा मरतात.

ऑनलाइन खेळायचं तर आपल्या नेटवर मी जास्त बोलत नाही. दोघा-तिघा ओळखीच्यांनी मिळून को-ऑप, म्हणजे एकाच बाजूनं, खेळा, अनोळखी सर्व्हरवर पिंगनं, म्हणजे नेटच्या उशिरानं, जीव जाते आणि वरून तिथले लोक इंग्रजीत ओरडतात.

पण ज्याच्यासाठी मी हा गेम ठेवला आहे ते एडिटर. मेनूत आहे, फुकट आहे, गेमच्या सोबतच येते. नकाशा उघडायचा, पाहिजे तिथं माणूस, गाडी, भिंत, दिवा ठेवायचा, वेळ ठरवायची, पाऊस ठरवायचा, आणि प्ले दाबलं की आपण त्यात. सुरुवात बारकी करा. एक आपण, दोनशे मीटरवर एक शत्रू, बस. मारला, की मधात एक भिंत ठेवा. मग शत्रू दोन करा. मग रात्र करा. मी सगळ्यात जास्त असाच शिकलो, मोहिमेत नाही.

सध्या आमचं शिवार बनवणं चालू आहे. अल्टिसवर एक उतार सापडला, थेट आमच्या वावरासारखा, पश्चिमेकडे पडता. पांदण रस्ता टाकला, दगडी बांध टाकले, मचाण नाही मिळालं तर वॉचटॉवर ठेवला. बैल नाही या गेममध्ये, हीच एक खंत. शेळ्या आहेत, मेंढ्या आहेत, कोंबड्या, कुत्रे आहेत. ठेवताना एवढं पाहा की प्ले दाबल्यावर ते एका जागी थांबत नाहीत, भटकतात, म्हणून आजूबाजूनं भिंतीचा घेर करा. मी विहिरीपाशी सात शेळ्या ठेवल्या आणि काकाजीला बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बोटानं मोजल्या.

"आपल्या तं पाचच हायेत," म्हणाले.

दोन काढल्या.